भिंतीत सळई: भूकंपात खरंच उपयोगी की नुसतं मनाचं समाधान?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घराचं काम जोत्यापर्यंत आलंय आणि तिथेच वाद पेटलाय.

दोन मजली घर, कॉलम नाहीत, सगळा भार भिंतींवर. आमच्या अभियंत्याने पोकळ काँक्रीट ब्लॉकच्या भिंती काढल्यात. दर चौथ्या पोकळीत, म्हणजे ८०० मिमीवर, १२ मिमीची उभी सळई, ठरावीक थरांत आडव्या सळ्या, आणि सळई असलेल्या पोकळ्या ग्राउटने (ओतता येणाऱ्या सैल काँक्रीटने) भरायच्या. ठेकेदार पहिल्या दिवसापासून नाक मुरडतोय. त्याचं म्हणणं, "भिंतीत सळई घालून भिंतीचा कॉलम होत नाही. चार वर्षांत सळई गंजेल, फुगेल आणि ब्लॉक फोडेल. सरळ कॉलम-बीम घ्या आणि निवांत झोपा."

प्रश्न दोन. सळई घातलेली भिंत भूकंपात खरंच टिकते का? आणि भीती वाटते म्हणून सळ्या दुप्पट केल्या, दर दुसऱ्या पोकळीत टाकल्या, तर दुप्पट सुरक्षित होईल का? थोडा जास्त खर्च करायची तयारी आहे.

टिचकी

ठेकेदार "निवांत झोपा" म्हणाला की त्या रात्री झोप उडते, हा स्वानुभव. बाकी जाणकार येतीलच.

ओळंबा

उंबरठा, ठेकेदाराचं अर्धं बरोबर आहे. साध्या, बिनसळईच्या भिंतींचं भूकंपात काय होतं ते एकदा पाहिलेला माणूस आयुष्यभर नाक मुरडतो. पण तुमची भिंत ती नाही.

आधी मूळ दुखणं. वीट असो की ब्लॉक, भिंत दाबाला वाघ आणि ताणाला शेळी. वरून कितीही भार टाका, मुकाट उचलते. बाजूने ओढलं की सांधे उघडतात. त्यात ती जड. २३० मिमी जाडीची विटेची भिंत गिलाव्यासकट चौरस मीटरला साधारण ४५० किलो भरते. चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंत धरा, साडेपाच टनांच्या आसपास झाली. जमिनीचा धक्का गुरुत्वाच्या तीस टक्के असला, तर त्या एका भिंतीवर दीड टनाहून जास्त आडवा जोर येतो, तोही डावी-उजवीकडे आलटून पालटून. भूकंपात भिंतीला बाहेरचं कुणी ढकलत नाही. तिचं स्वतःचं वजनच तिच्या जिवावर उठतं.

आता पत्त्यांतला एक पत्ता उभा धरा. सपाट बाजूवर फुंकर मारा, लगेच वाकेल. कडेवर फुंकर मारा, ढिम्म. भिंतीचंही तसंच. तिच्या लांबीच्या दिशेने आलेला जोर ती पेलते, अंगावर आलेल्या जोराने उताणी पडते. उभ्या सळ्या हे उताणं पडणं थांबवतात. आडव्या सळ्या आणि पट्टे (सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारी सळईची काँक्रीट पट्टी) कोपरे एकत्र बांधून ठेवतात, म्हणजे अंगावर जोर आलेल्या भिंतीला शेजारची कडेवर उभी भिंत सावरते. घराची पेटी झाली पाहिजे. चार सुट्या फळ्या उभ्या करून वर झाकण ठेवलं तर ती पेटी नव्हे.

फरक किती? अमेरिकी संहितेत भूकंपाचा हिशेबी जोर एका गुणकाने भागून कमी करतात. भिंत न तुटता किती वाकू शकते यावर तो ठरतो. साध्या भिंतीला १.५ आणि "विशेष" म्हणजे सगळ्यात कडक नियमांच्या सळईयुक्त भिंतीला ५. आपल्या भारतीय मानकातही साधी १.५ आणि सळईयुक्त ३. म्हणजे संहिता लिहिणाऱ्यांना ही नुसती समाधानाची सळई वाटत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आहे. रात्री सविस्तर लिहितो.

सिमेंटची_पिशवी

ओळंबाकाका, पुस्तकात सगळं छान असतं. मी बांधकामातच आहे. गवंड्याला सळई ओवून ब्लॉक लावायला सांगा, दुसऱ्या दिवशी पोरं काम सोडून जातात. कॉलम-बीम सगळ्यांना येतं. जे येतं ते करावं.

मधलाआळी

पिशवीभाऊ, कॉलम-बीम सगळ्यांना "येतं" हीच तर भीती आहे. कॉलमच्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा ९० अंशात वाकवून सोडलेल्या, बीम-कॉलमच्या सांध्यात रिंगच नाही, खाली गाड्यांसाठी मजला मोकळा आणि वर भिंतीच भिंती. भुजच्या भूकंपात (२६ जानेवारी २००१) अशा मोकळ्या तळमजल्याच्या काँक्रीट इमारती बसल्याच की. वाईट काँक्रीटपेक्षा चांगली भिंत बरी.

सिमेंटची_पिशवी

आणि वाईट भिंतीपेक्षा चांगलं काँक्रीट बरं. चेंडू परत तुमच्याकडे.

जुनीपाने

थोडं अवांतर, पण या धाग्यात शोभेल. सळई घातलेली भिंत हे काही नवं खूळ नाही. लंडनमधल्या थेम्स नदीखालच्या बोगद्यासाठी अभियंता मार्क ब्रुनेलने १८२५ मध्ये विटांचा प्रचंड गोल मनोरा जमिनीवर बांधला आणि तो स्वतःच्या वजनाने जमिनीत उतरवला. त्या विटकामात त्याने लोखंडी सळ्या घातल्या होत्या. नंतर हे तंत्र बराच काळ मागे पडलं. गंमत म्हणजे त्याचं पुनरुज्जीवन भारतात झालं. सार्वजनिक बांधकाम खात्यातले ब्रेबनर यांनी १९२३ मध्ये सळईयुक्त विटकामावरच्या आपल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या, आणि आजही या विषयाचा इतिहास सांगताना तिथूनच सुरुवात करतात.

मग ३१ मे १९३५ चा क्वेट्टाचा भूकंप. शहर झोपलेलं असताना भुईसपाट झालं. पुन्हा बांधताना "क्वेट्टा बाँड" रूढ झाला. दीड वीट जाडीची भिंत अशा रचनेने लावायची की मध्ये उभ्या पोकळ्या राहतात. त्यात सळई सोडायची आणि मसाला भरायचा. म्हणजे उंबरठा यांच्या पोकळ ब्लॉकचे आजोबा.

सोनटक्का

जुनीपाने, मस्त माहिती! मला फक्त कॅलिफोर्नियाचं ठाऊक होतं. लाँग बीचचा भूकंप, १० मार्च १९३३, संध्याकाळी सहाच्या सुमारास. विटांच्या शाळा ढासळल्या. शाळा सुटलेल्या होत्या म्हणून मुलं वाचली. महिन्याभरात शाळांच्या बांधकामासाठी फील्ड कायदा आला आणि साध्या विटेच्या शाळा बांधणं तिथे बंद झालं. सळई आणि ग्राउटची भिंत तिथे रुजली ती त्यानंतर.

टिचकी

आपल्याकडे भूकंप झाल्यावर समिती येते, तिथे महिन्यात कायदा आला. चालू द्या, मी मागच्या बाकावर आहे.

काळीमाती

किल्लारीचा उल्लेख अजून कसा नाही? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. भूकंप ६.२ चा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी हजारो माणसं गेली. भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, म्हणून लोकांना वाटायचं की भक्कम आहेत. दगडाचे दोन वेगळे पापुद्रे, मध्ये गोटे आणि चिखल, आणि दोन्ही पापुद्रे शिवणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच पापुद्रे सुटले आणि छतावरची माती खाली आली. जाडी म्हणजे ताकद हे समीकरण डोक्यातून काढा. जाडीने तिथे फक्त वजन वाढवलं.

ओळंबा

काळीमाती, अगदी. "जाड म्हणजे मजबूत" आणि "जास्त सळई म्हणजे जास्त सुरक्षित" ही सख्खी भावंडं आहेत. आता त्या दुसऱ्या भावाकडे वळतो.

भिंतीला तिच्या लांबीच्या दिशेने जोर आला की ती मुख्यतः दोन प्रकारे हार मानते. पहिला प्रकार वाकण्याचा. एका टोकाला पायाशी आडवी भेग उघडते, तिथली उभी सळई ताणली जाते, दुसऱ्या टोकाची टाच दाबली जाते. जोर उलटला की भेग मिटते आणि दुसरीकडे उघडते. सळई ताणली जाऊन पुन्हा दबते, त्यात भूकंपाची ऊर्जा खर्च होते. भिंत जखमी होते, पण उभी राहते. शेवटी टाचेचे ब्लॉक फुटतात आणि सळई बाहेर वाकते, पण तोवर भिंतीने पुष्कळ सोसलेलं असतं आणि माणसं बाहेर पडलेली असतात.

दुसरा प्रकार कर्तनाचा, म्हणजे कात्रीसारखं कापू पाहणाऱ्या जोराचा. भिंतीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी भेग जाते, जोर उलटला की दुसरी तिरपी, आणि फुलीचं चिन्ह तयार होतं. हे झटक्यात होतं. फुलीनंतर भिंतीची ताकद कोसळते आणि वरचा भार तोलायला कुणी उरत नाही.

आपल्याला पहिला प्रकार हवा, दुसरा नको. म्हणून वाकण्याची ताकद मुद्दाम मर्यादित ठेवायची आणि कर्तनाची तिच्यापेक्षा जास्त. विशेष भिंतींसाठी अमेरिकी नियम असा की भिंत पूर्ण वाकताना जेवढा कर्तनजोर येईल, त्याच्या सव्वापट कर्तनताकद हवी.

आता उंबरठा, तुम्ही उभ्या सळ्या दुप्पट केल्यात, आडव्या तेवढ्याच ठेवल्यात, तर काय होईल? भिंत वाकायला तयार होणार नाही, जास्त जोर अंगावर घेईल, आणि वाकण्याआधी फुली पडेल. पैसे देऊन शहाणी भिंत आडमुठी करून घ्याल.

आणि आडवी सळई हिशेबात पूर्ण धरतात असंही नाही. भेग तिरपी असल्याने तिला छेदणाऱ्या सगळ्याच सळ्या पूर्ण ताणल्या जात नाहीत, म्हणून त्याच संहितेच्या सूत्रात त्यांची ताकद अर्धीच मोजतात. कर्तनाचा बराचसा भार ब्लॉक, मसाला आणि ग्राउट उचलतात.

उंबरठा

बाप रे. मी उद्या दुप्पट सळईचा निरोप देणार होतो. थांबलो.

गणिती_मांजर

भिंतीच्या छेदात सळईचा वाटा किती, ते आकडे लावून बघितलं. १९० मिमी जाडीचा ब्लॉक, १२ मिमीची सळई म्हणजे ११३ चौरस मिमी, दर ८०० मिमीला एक. ११३ भागिले (८०० गुणिले १९०) = ०.०००७४. अमेरिकी नियमात विशेष भिंतीला प्रत्येक दिशेत किमान ०.०००७ आणि दोन्ही दिशा मिळून ०.००२. म्हणजे उभ्या सळईत तुम्ही किमान रेषेच्या जेमतेम वर, उरलेलं आडवीत हवं. दर ६०० मिमीला १० मिमीच्या दोन आडव्या सळ्या घेतल्या तर ०.००१३८. बेरीज ०.००२१. बसलं! तुमच्या अभियंत्याने असंच काही काढलंय का ते बघा. आणि दोन उभ्या सळ्यांत १.२ मीटरहून जास्त अंतर नको.

उंबरठा

नकाशा काढून बघितला. हुबेहूब हेच आहे, दर तिसऱ्या थराला १० च्या दोन. मांजर, तुम्हाला दूध पाठवतो.

रात्रपाळी

सगळे सळईवर बोलताय, ग्राउटवर कुणीच नाही. मी साइट सुपरवायझर. एक गोष्ट सांगतो, कुठली साइट ते विचारू नका.

दुमजली भिंत पूर्ण झाली, गिलावा व्हायचा होता. दुपारी सावलीत उभा होतो म्हणून सहज हातातल्या हातोडीने भिंतीवर टकटक करत चाललो. ठक, ठक, ठक, आणि एके ठिकाणी ढब. पुन्हा मारलं, ढब. चॉकने फुली मारली. पुढे अजून तीन सापडल्या. गवंडी म्हणाला, "साहेब, वरून ग्राउट भरलाय, डोळ्यांनी बघितलंय." भरला होताच, वरून दिसत होता. छिन्नी लावून ब्लॉकचा चेहरा फोडला. आत सळई उभी, नागडी, तांबूस. तिच्याभोवती काहीच नाही. हात घातला तर खाली सिमेंटच्या पिशवीचा कागद, त्यावर सांध्यातून गळून पडलेल्या मसाल्याचा टणक गोळा. त्याच्या वर एक ब्लॉक सोडून ग्राउट अडकून बसलेला. कुणीतरी पोकळीत कागद कोंबला होता, मसाला खाली पडू नये म्हणून. चांगल्या हेतूने!

कागदावर ती भिंत सळईयुक्त होती. प्रत्यक्षात पायाशी, जिथे सगळ्यात जास्त ताण, तिथे सळईचा भिंतीशी काडीचा संबंध नव्हता.

सिमेंटची_पिशवी

हे मात्र खरं. आमच्याकडेही ग्राउट म्हटलं की पोरं स्लॅबचंच काँक्रीट घट्ट कालवून वरून ठोसतात.

रात्रपाळी

तिथेच चुकतं, पिशवीभाऊ. ग्राउट सैल लागतो. स्लंप (साच्यातून काढल्यावर मिश्रण किती खाली बसतं ते माप) २०० ते २८० मिमी. नवा माणूस म्हणेल "हे तर पाणीच झालं". पण कोरडा ब्लॉक त्यातलं पाणी शोषून घेतो, आणि राहतं ते ठीक असतं. घट्ट मिश्रण वरच सळईला आणि मसाल्याच्या कंगोऱ्यांना अडकतं. माझी पद्धत अशी: सळईच्या प्रत्येक पोकळीच्या तळाशी पहिल्या थरात खिडकी ठेवायची. भिंत चढवताना सांध्यातून आत आलेला मसाला त्याच वेळी काढायचा. भरण्याआधी खिडकीतून तळ साफ करायचा, टॉर्च मारून वरपर्यंत बघायचं, मग खिडकी बंद. एका दमात दीड मीटरच्या आत भरायचं, बारीक नळीचा व्हायब्रेटर फिरवायचा, पाणी शोषलं गेलं की काही मिनिटांनी पुन्हा एकदा. दुसरी फेरी सगळे विसरतात आणि मग ग्राउट आक्रसून पोकळ्या राहतात.

ओळंबा

रात्रपाळींचा प्रतिसाद छापून साइटवर लावावा. गंजण्याच्या भीतीचं उत्तरही त्यातच आलं. ग्राउटने चहूबाजूंनी वेढलेली सळई काँक्रीटमधल्या सळईसारखीच सुरक्षित राहते. गंजते ती त्या नागड्या, तांबूस सळईसारखी. ठेकेदाराला भीती गंजाची वाटते, पण गंजाचं कारण त्याच्याच हातात आहे.

सोनटक्का

मग सगळ्याच पोकळ्या भरल्या तर? सळई असो नसो.

ओळंबा

ताकद वाढते आणि भिंत एकसंध वागते. अर्धवट भरलेल्या भिंतीची कर्तनताकद अमेरिकी संहितेच्या हिशेबात कापून धरतात. पण वजनही वाढतं, आणि वजन म्हणजे जोर. दोन मजल्यांना दोन्ही चालतात. उंच इमारतीत मात्र, निदान खालच्या मजल्यांत, पूर्ण भरणं शहाणपणाचं. अमेरिका आणि जपानने १९८० च्या दशकात मिळून मोठा संशोधन कार्यक्रम सुरू केला. त्यात खऱ्या मापाच्या पाच मजली सळईयुक्त इमारती प्रयोगशाळेत उभ्या करून यंत्रांनी ढकलून बघितल्या. नीट बांधलेली भिंत किती सोसते हे त्यात दिसलं. न्यूझीलंडमध्ये संशोधक प्रीस्टली यांनी तर टाचेजवळच्या सांध्यांत पातळ पोलादी पट्ट्या घालून ब्लॉक फुटणं लांबवता येतं हे दाखवलं होतं. आपल्या दोन मजल्यांना त्याची गरज नाही, पण कल्पना मला फार आवडते. दाबाखाली ब्लॉक आडवा फुगू पाहतो, पट्टी त्याला आवळून धरते.

मधलाआळी

बांधीव भिंतीचं कुणी बोललं नाही. म्हणजे आधी भिंत बांधायची, टोकांना दात ठेवायचे, मग त्या दातांत बारीक कॉलम आणि वर पट्टा ओतायचा. चिली, पेरू, मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. चिलीच्या २०१० च्या ८.८ च्या भूकंपात अशी कमी उंचीची घरं बहुतेक ठीक राहिली. पिशवीभाऊंच्या पोरांनाही जमेल, कारण पोकळीत सळई ओवायची भानगड नाही.

सिमेंटची_पिशवी

हे मला पटतं. पण गिऱ्हाईक विचारतं, "कॉलम इतका बारीक का?" त्याला समजावता समजावता दुपार जाते.

चिंचेचंबन

प्रश्न आहे. आमचं घर जुनं, विटेचं, सळई-पट्टा काही नाही. आता पोकळीत सळई कशी घालणार? पाडायचं का?

ओळंबा

चिंचेचंबन, पाडायची घाई नको. पोकळी नसली तरी बाहेरून आवळता येतं. लिंटेलच्या (दारं-खिडक्यांवरच्या तुळईच्या) पातळीवर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वेल्डेड जाळी आणि सिमेंटच्या मसाल्याचे पट्टे, आरपार तारांनी एकमेकांना बांधलेले. कोपऱ्यांवर तसेच उभे पट्टे. छत भिंतींना नीट जखडायचं. आणि आज, लगेच, गच्चीचा सुटा कठडा आणि छपराखालची त्रिकोणी भिंत बघून घ्या. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २०११ च्या भूकंपात कित्येक माणसं घरात नव्हे, रस्त्यावर गेली. जुन्या विटांच्या इमारतींचे कठडे आणि दर्शनी भिंती त्यांच्यावर कोसळल्या. जागेवर येऊन बघणाऱ्या अभियंत्याशिवाय मात्र काही तोडू-जोडू नका.

टिचकी

धागा वाचून उठलो आणि घरच्या सगळ्या भिंतींवर टकटक केली. शेजारच्या काकू दार उघडून उभ्या.

उंबरठा

तीन आठवड्यांनी परत आलोय. अहवाल देतो.

ठेकेदाराला खिडक्या ठेवायला लावल्या. तो म्हणाला, "भिंतीला खालून भोकं पाडून मजबूत करायची, हे पहिल्यांदाच ऐकतोय." भरण्याच्या दिवशी मी टॉर्च घेऊन गुडघ्यावर. पहिल्या भिंतीत नऊ पोकळ्या. आठ स्वच्छ, नववीत टॉर्चचा उजेड वरून दिसेना. गवंड्याने वरून सळईने ठोसलं आणि अर्धी वीट खाली आली. आमच्या साइटवर वीट वापरलेलीच नाही! कुठून आली हे कुणालाच माहीत नाही.

पण त्या विटेने काम केलं. ठेकेदार तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिला, आणि त्यानंतर प्रत्येक पोकळीत तो स्वतः वाकून बघत होता. परवा तर मी जायच्या आत हातोडी घेऊन टकटक करून झाली होती. दोन ब्लॉक आणि ग्राउटचे नमुने रचून दाबचाचणीलाही पाठवलेत. सळ्या नकाशाप्रमाणेच, दुप्पट नाहीत.

एकच उरलं. बायकोला बैठकीच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी खिडक्या हव्यात, कोपऱ्याला अगदी चिकटून.

ओळंबा

वहिनींची माफी मागून सांगतो, कोपरा सोडा. पेटीचा कोपराच कापला तर ती पेटी राहत नाही. दोन्हीकडे किमान ६०० मिमी सलग भिंत ठेवा, अभियंता जास्त म्हणाला तर जास्त. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभी सळई हवीच. दोन खिडक्यांमध्ये अरुंद तुकडा सोडू नका. असे आखूड, बुटके तुकडे सगळा जोर ओढून घेतात आणि फुली तिथेच पडते.

आणि हो, इलेक्ट्रिशियन कटर घेऊन येण्याआधी सळईच्या पोकळ्या आणि आडवे थर भिंतीवर खडूने आखून ठेवा. आडवी खाच अजिबात नको. पाइप मोकळ्या पोकळीतून उभे न्यायचे.

उंबरठा

तो काल येऊन गेला.

रात्रपाळी

फोटो टाका. लगेच.